फाइल उघडते, पण वाचता येत नाही: कॉलेजचं डिजिटल साहित्य सर्वांना खुलं कसं होतं?

कॉलेजमधल्या शिक्षकांना हल्ली एक परिपत्रक येतं. 'सर्व डिजिटल साहित्य अ‍ॅक्सेसिबल स्वरूपात उपलब्ध करून द्यावे' असं त्यात म्हटलेलं असतं. अ‍ॅक्सेसिबल म्हणजे नेमकं काय, हे बहुतेक वेळा सांगितलेलं नसतं. मग स्टाफरूममध्ये तर्क सुरू होतात. अक्षरं मोठी करायची असतील, असं कोणी म्हणतं. फाइल वेबसाइटवर टाकली की सगळ्यांना उघडता येतेच, असं दुसरं कोणी म्हणतं. तिसऱ्याच्या मते हे आयटी विभागाचं काम. विषय तिथेच थांबतो.

मी शिकवते, आणि कित्येक वर्षं माझाही समज हाच होता. फाइल उघडते म्हणजे ती वाचता येते, असं मी धरून चालले होते. मग एका अंध विद्यार्थिनीने माझ्या नोट्स तिच्या लॅपटॉपवर कशा ऐकू येतात, ते मला ऐकवलं. पंचवीस पानांची फाइल होती. दस्तऐवज रिकामा आहे, एवढंच लॅपटॉप म्हणाला आणि गप्प बसला.

दिसतं तसं नसतं, असं आपण सहज म्हणून जातो. डिजिटल सुगम्यतेचं, म्हणजे साहित्य प्रत्येकाला वापरता येण्याचं (परिपत्रकातलं 'अ‍ॅक्सेसिबल' ते हेच), मूळ या तीन शब्दांतच आहे. पडद्यावर जे दिसतं ते एक, आणि फाइलच्या पोटात जे असतं ते दुसरं. डोळस माणसाला पहिलं पुरतं. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, हात चालवता येत नाही किंवा छापील अक्षरांची ओळ पकडून वाचता येत नाही, त्यांची सगळी भिस्त दुसऱ्यावर असते.

डोळ्यांना पान दिसतं, यंत्राला काय मिळतं?

अंध विद्यार्थी संगणक वापरतात तो स्क्रीन रीडरच्या मदतीने. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर. तोच मजकूर ते ब्रेलमध्येही देऊ शकतं. त्यासाठी टिंब वर-खाली होणारी छोटी पट्टी संगणकाला जोडतात. एनव्हीडीए हा सर्वांत परिचित मोफत स्क्रीन रीडर. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं. तुमच्या खिशातल्या फोनमध्येही असा वाचक आधीपासून बसवलेला आहे. अँड्रॉइडवर त्याचं नाव टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर. सरावलेले लोक तो इतक्या वेगात ऐकतात की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही.

मात्र स्क्रीन रीडर पडद्याकडे माणसासारखा बघत नाही. फाइलमध्ये अक्षरं अक्षरं म्हणून साठवलेली असतील तरच त्याला ती मिळतात. माझ्या नोट्स स्कॅन केलेल्या होत्या. स्कॅन केलेलं पान म्हणजे पानाचा फोटो. त्यात काळे-पांढरे ठिपके असतात, एकही अक्षर नसतं. म्हणून 'रिकामा दस्तऐवज' हे त्या यंत्राचं उत्तर अगदी खरं होतं. रिकामी फाइल मीच दिली होती.

ही चाचणी कोणालाही अर्ध्या मिनिटात करता येते. पीडीएफ उघडा आणि माउसने एखादं वाक्य निवडून पाहा. निवडता आलं नाही, किंवा शोध-खिडकीत पानावर समोर दिसणारा शब्द टाकूनही तो सापडला नाही, तर ती फाइल म्हणजे फोटो आहे. फोटोतून अक्षरं ओळखून काढणारं ओसीआर नावाचं तंत्र आहे आणि ते चांगलं सुधारलंय. पण पान तिरकं असेल, छपाई फिकट असेल, समासात पेनाने खुणा असतील, तर ते चुकतं. कादंबरीतलं एखादं अक्षर चुकलं तर वाचक सांभाळून घेतो. रसायनशास्त्राच्या नोट्समध्ये ३ चा ८ झाला, तर सांभाळायला काही आधारच नसतो.

ठळक अक्षरं म्हणजे शीर्षक नव्हे

समजा, फाइलमध्ये खरी अक्षरं आहेत. तरी काम अर्धंच झालं.

आपण जाडजूड पुस्तक वाचताना पहिल्या शब्दापासून सुरुवात करत नाही. पानं चाळतो, शीर्षकांवरून नजर फिरवतो, हवं तिथे थांबतो. ही चाळणी नजर इतक्या सहज करते की ती आपल्या लक्षातही येत नाही. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही तेच करायचं असतं. एनव्हीडीएमध्ये वेबपानावर एच हे बटण दाबलं की वाचक पुढच्या शीर्षकावर उडी मारतो, टी दाबलं की तक्त्यावर जातो, के दाबलं की लिंकवर. दोनशे पानांच्या अभ्यासक्रमात चौथं प्रकरण गाठायला पाच-सहा सेकंद पुरतात.

अट एकच. शीर्षक हे शीर्षक म्हणून नोंदलेलं हवं. आपण काय करतो? ओळ निवडतो, बोल्ड करतो, आकार वाढवतो, मधोमध आणतो. डोळ्यांना ते शीर्षक दिसतं. फाइलच्या लेखी ती फक्त जाड अक्षरांतली एक साधी ओळ असते. एच दाबणाऱ्याला उत्तर मिळतं की पुढे शीर्षक नाही. मग दोनशे पानं ओळीने ऐकत बसायची. पानांवर आकडे नसलेलं, अनुक्रमणिका फाडलेलं पुस्तक हातात द्यावं आणि 'सगळं आहे त्यात, शोध तू' म्हणावं, तसं हे आहे.

उपाय फुकट आहे. वर्डमध्ये बोल्डचं बटण दाबण्याऐवजी वरच्या पट्टीतली 'हेडिंग १', 'हेडिंग २' ही शैली निवडायची. मुख्य शीर्षकाला १, उपशीर्षकाला २. रंग-आकार आवडला नाही तर तो बदलता येतो, नोंद तशीच राहते. शिवाय अनुक्रमणिका आपोआप बनते. पीडीएफ करताना मात्र 'प्रिंट टू पीडीएफ' वापरू नका. त्या वाटेने गेलं की शीर्षकांच्या या खुणा गळून पडतात. 'सेव्ह अ‍ॅज' किंवा 'एक्स्पोर्ट'ने त्या टिकतात.

लिंकचंही असंच. लिंकवरून लिंकवर उड्या मारत जाणाऱ्या विद्यार्थ्याला 'इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा' एवढंच ऐकू येतं. 'तिसऱ्या सत्राचं वेळापत्रक' असं लिहिलं की प्रश्न मिटला.

'राम' लिहिलं आणि 'जे के ई' ऐकू आलं

मराठीत साहित्य तयार करणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. हा अडथळा इंग्रजी फायलींत भेटत नाही, त्यामुळे त्याबद्दल बोललंही कमी जातं.

युनिकोड ही जगातल्या लिप्यांसाठी ठरवलेली अक्षरांची समान यादी. तीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरी त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण ही सोय सगळ्या संगणकांवर पोहोचण्याआधी एक पळवाट रूढ झाली होती. इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेले फॉन्ट. कृतिदेव हा त्यातला एक. त्यात 'राम' टाइप केलं की पडद्यावर 'राम' दिसतं, कागदावर 'राम' छापलं जातं. फाइलच्या पोटात मात्र जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. स्क्रीन रीडर फाइल वाचतो, म्हणून तो 'जे के ई' म्हणतो, किंवा तीन अक्षरं मिळून इंग्रजी उच्चाराचा काहीतरी आवाज काढतो. संपूर्ण प्रकरणभर हेच.

असे फॉन्ट अजून वापरात आहेत. टायपिंग शिकलेल्यांच्या बोटांना त्यांची सवय आहे, छपाई उत्तम येते, तक्रार कोणी करत नाही. तक्रार करणार तरी कोण? ज्याला अडचण येते तो वाचकच पहिल्या ओळीवर थांबलेला असतो. तपासायचं तर फाइलमधला परिच्छेद उचलून फोनवरच्या संदेशात चिकटवून पाहा. मराठी दिसलं तर युनिकोड आहे. इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसला तर जुना फॉन्ट आहे. जुन्याचं युनिकोड करून देणारे मोफत परिवर्तक आहेत. त्यानंतर जोडाक्षरं आणि रफार एकदा नजरेखालून घालावे लागतात.

आणखी दोन गोष्टी. दस्तऐवजाची भाषा मराठी आहे, ही नोंद फाइलमध्ये हवी. नाहीतर स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाकडे सोपवतो आणि तो आवाज अडखळतो किंवा गप्प राहतो. दुसरं, युनिकोडमध्ये लिहिलेल्या मजकुराचीही पीडीएफ करताना मात्रा-वेलांट्यांचा क्रम कधीकधी बिघडतो. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराआधी काढतात, साठवतात मात्र अक्षरानंतर. या उलटापालटीत शब्द मोडतो. म्हणून मराठी नोट्सची मूळ वर्ड फाइल किंवा ई-पुस्तकांसाठी असलेल्या ईपब स्वरूपातली प्रत पीडीएफसोबत द्यावी, असं माझं आग्रहाचं मत आहे.

चित्र, आलेख आणि गणिताचं समीकरण

चित्राला मजकुराची जोड देतात, तिला अल्ट टेक्स्ट म्हणतात. म्हणजे चित्राऐवजी वाचलं जाणारं वर्णन. वर्डमध्ये चित्रावर राइट-क्लिक केलं की ते लिहायची जागा सापडते.

काय लिहायचं, हा खरा प्रश्न. फोनवर कोणाला पत्ता सांगत असाल तर 'ते मोठं झाड दिसतंय ना, तिथून वळ' म्हणून भागत नाही. पलीकडच्याला पोहोचायला जे लागतं तेच सांगावं लागतं. अल्ट टेक्स्ट तसंच. अर्थशास्त्राच्या नोट्समध्ये 'आलेख' एवढंच लिहिलं तर काहीच सांगितलं नाही. 'उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर मागणी. रेषा डावीकडून उजवीकडे उतरते, म्हणजे किंमत कमी होत जाते तशी मागणी वाढते' असं लिहिलं तर आलेखाने जे शिकवायचं होतं ते पोहोचलं. रेषेचा रंग निळा आहे, हे इथे सांगायची गरज नाही. कलेतिहासाच्या वर्गात मात्र निळा रंग हाच मुद्दा असू शकतो. म्हणून वर्णन विषयशिक्षकानेच लिहावं. चित्र तिथे का ठेवलंय ते त्यालाच ठाऊक असतं. निव्वळ सजावटीचं चित्र असेल तर ते सजावटीचं म्हणून खूण करून मोकळं व्हायचं, म्हणजे वाचक त्यावरून पुढे जातो.

काही आकृत्या शब्दांत मावत नाहीत. हृदयाचा उभा छेद, रस्त्यांचा नकाशा, रेणूची रचना. तिथे उठावाच्या रेषांची, बोटांनी वाचायची आकृती हवी. अशा आकृत्यांसाठी तापवल्यावर काळ्या रेषा फुगून वर येतात असा खास कागद मिळतो.

गणिताची गोष्ट आणखी वेगळी. 'एक भागिले एक्स अधिक दोन' हे वाक्य ऐका. यात छेदात फक्त एक्स आहे की एक्स अधिक दोन? एक्स २ असेल तर पहिल्या अर्थाने उत्तर २.५ येतं, दुसऱ्या अर्थाने ०.२५. कागदावर ती आडवी रेघ किती लांब आहे यावरून क्षणात कळतं; कानाला ती रेघ नसते. समीकरणाचं चित्र चिकटवलं तर तर्क करायलाही काही उरत नाही. यासाठी मॅथएमएल नावाची पद्धत आहे. १९९८ मध्ये ती वेबसाठी प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. तीत समीकरणाचा सांगाडा साठवला जातो: हा अंश, हा छेद, इथे कंस संपला. मग विद्यार्थी बाणांच्या बटणांनी समीकरणात आत-बाहेर फिरू शकतो, एकेक भाग पुन्हा ऐकू शकतो. अंध विद्यार्थ्यांना 'गणित-विज्ञान तुझ्यासाठी नाही' असं सांगून दुसऱ्या शाखेकडे वळवलं जातं, तेव्हा त्यामागे त्यांच्या बुद्धीची मर्यादा असते की आपल्या फायलींची, हे एकदा प्रामाणिकपणे तपासायला हवं.

'हे इथून इकडे जातं': व्हिडिओतली व्याख्यानं

व्हिडिओत दोन गोष्टी असतात, आवाज आणि दृश्य. कर्णबधिर विद्यार्थ्याला पहिली मिळत नाही, अंध विद्यार्थ्याला दुसरी.

आवाजासाठी कॅप्शन लागतात. बोलणं, आणि त्यासोबत महत्त्वाचे इतर आवाजही, पडद्यावर अक्षरांत. यंत्राने तयार केलेली कॅप्शन चांगली सुरुवात आहेत, पण ती नेमकी कुठे चुकतात ते पाहा. रोजच्या बोलण्यातले शब्द ती बरोबर पकडतात. व्यक्तींची नावं, पारिभाषिक संज्ञा, आकडे इथे ती घसरतात. म्हणजे परीक्षेत जे विचारलं जाणार तेच चुकतं. 'अभिक्रिया होत नाही' मधला 'नाही' गळाला तर विद्यार्थी उलटं शिकून जातो. तेव्हा कॅप्शन माणसाने वाचून दुरुस्त करायला हवीत. हे वेळखाऊ आहे, मी ते लपवणार नाही. पण एकदा दुरुस्त केलेलं व्याख्यान पुढची कित्येक वर्षं चालतं. ज्यांची पहिली भाषा सांकेतिक भाषा आहे त्यांच्यासाठी लिखित मराठी किंवा इंग्रजी ही दुसरी भाषा असते, हेही ध्यानात घ्यावं लागतं. सांकेतिक भाषेचं व्याकरण स्वतंत्र आहे. काही ठिकाणी कॅप्शनसोबत दुभाषी लागतोच.

दृश्यासाठीचा उपाय त्या मानाने सोपा आहे. फळ्याकडे बोट दाखवत 'हे इथून इकडे जातं आणि मग त्याचं हे होतं' असं आपण किती वेळा म्हणतो! रेडिओवरचा समालोचक असं कधीच म्हणत नाही, कारण ऐकणाऱ्यासमोर मैदान नाही हे त्याला ठाऊक असतं. 'इलेक्ट्रॉन सोडियमकडून क्लोरीनकडे जातो' असं म्हटलं की अंध विद्यार्थ्याला कळतं, कॅप्शनमध्येही अर्थ उतरतो, आणि शेवटच्या बाकावरून फळा न दिसणाऱ्यालाही समजतं. मी हा बदल केल्यापासून माझं शिकवणं जास्त नेमकं झालं, हे मला स्वतःला जाणवतं.

माउसशिवाय, रंगाशिवाय, घाईशिवाय

हात थरथरतात किंवा चालत नाहीत अशा व्यक्ती माउस वापरू शकत नाहीत. त्या कीबोर्ड, एखादा मोठा स्विच किंवा आवाजाने दिलेल्या आज्ञा वापरतात. ऑनलाइन चाचणीत 'जोड्या लावा' हा प्रश्न ओढून-सोडून सोडवायचा असेल आणि दुसरा मार्गच नसेल, तर तो विद्यार्थी उत्तर येत असूनही शून्य गुण घेतो. प्रवेशअर्जाचं पान टॅब आणि एंटर एवढ्या दोन बटणांवर शेवटपर्यंत भरून पाहा. अडथळे आपोआप समोर येतात. ठरावीक मिनिटांनी आपोआप बाहेर काढणारं पान हाही तसाच अडथळा. वेळ वाढवून घेण्याची सोय हवी.

रंगाचं थोडक्यात. 'लाल रंगातल्या तारखा महत्त्वाच्या' असं लिहून भागत नाही. तारखेपुढे 'अंतिम' हा शब्दही हवा. रंगांधळेपणा पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, आणि आपल्याला तो आहे हे अनेकांना उशिरा कळतं. फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर देखणी वाटतात, पण कमी दृष्टी असलेल्याला ती पुसलेली दिसतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक मोजता येतो: पांढऱ्यावर काळं हे २१ ला १, आणि साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ हवं. हे मोजून देणारी मोफत साधनं आहेत. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं काहीही नको. १९९७ मध्ये जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या अशा लखलखाटाने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं.

हे आकडे कोणी ठरवले?

वेबचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या आंतरराष्ट्रीय संस्थेने. तिच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक नियमांना डब्ल्यूसीएजी म्हणतात. पहिली आवृत्ती १९९९ ची, दुसरी २००८ ची, २.१ आली २०१८ मध्ये आणि २.२ आली २०२३ मध्ये. पायऱ्या तीन आहेत, ए, डबल ए आणि ट्रिपल ए. परिपत्रकात 'डबल ए' दिसलं तर समजावं की मधली पायरी गाठायची आहे. बहुतेक ठिकाणी तीच मागितली जाते. आणि हा मेहेरबानीचा मामला नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं नववं कलम सुगम्यतेबद्दल आहे आणि चोविसावं शिक्षणाबद्दल.

'पण आमच्या वर्गात असं कोणीच नाही'

हा आक्षेप मी सर्वांत जास्त वेळा ऐकलाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १३० कोटी लोकांना, म्हणजे साधारण ६ जणांमागे एकाला, लक्षणीय अपंगत्व आहे. पांढरी काठी आणि चाकाची खुर्ची दिसते. बाकीचं बरंचसं दिसत नाही. डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं वाचताना येणारी अडचण, असलेली मुलगी, एका कानाने कमी ऐकणारा मुलगा, औषधांमुळे पडद्याकडे फार वेळ बघू न शकणारा कोणीतरी. यातले बरेच जण सांगत नाहीत. सांगितलं तर वेगळी वागणूक मिळेल, ही त्यांची भीती अनुभवातून आलेली असते. आणि ज्या कॉलेजचा प्रवेशअर्जच भरता येत नाही, तिथे असे विद्यार्थी दिसणार कसे?

'कोणी आलं की त्याच्यापुरतं करून देऊ'

इथे सवलत आणि सुगम्यता यांतला फरक कळायला हवा. लेखनिक देणं, जादा वेळ देणं, एखादी फाइल त्या विद्यार्थ्यासाठी मुद्दाम टाइप करून घेणं, ही सवलत. ती लागतेच. पण फाइल टाइप होऊन येईपर्यंत वर्ग तीन प्रकरणं पुढे गेलेला असतो. प्रत्येक विषयाला, प्रत्येक सत्रात त्या विद्यार्थ्याने पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा समजावायचं, पुन्हा वाट बघायची. प्लास्टर झाल्यावर भिंत फोडून वायरिंग करण्यासारखं ते आहे. खर्चही जास्त आणि भिंतही विद्रूप. हेडिंगची शैली लिहितानाच वापरली तर जादा वेळ जवळजवळ लागत नाही.

आणि एक बाजू आहे जिच्याबद्दल क्वचित बोललं जातं. निकालाचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला जातो. अंध विद्यार्थिनीला स्वतःचे गुण कळण्यासाठी मैत्रिणीला विचारावं लागतं. तिचे गुण तिच्याआधी दुसऱ्याला कळतात. फी माफीचा अर्ज, वैद्यकीय रजा, तक्रार, सगळं कोणाकडून तरी वाचून आणि भरून घ्यायचं. खाजगीपण म्हणून काही उरतच नाही.

'वेबसाइटवर ते बटण लावलंय, शिवाय आता एआय आहे'

अक्षर मोठं करा, रंग उलटे करा असे पर्याय देणारं बटण अनेक वेबसाइटवर दिसतं. ज्याला त्याची गरज आहे त्याच्या संगणकात ही सोय आधीच असते, तीही प्रत्येक वेबसाइटवर चालणारी. स्कॅन केलेल्या पीडीएफचं त्या बटणाने काही होत नाही, जोड्या लावायच्या प्रश्नाचंही नाही.

एआयचा उपयोग आहे. चित्राच्या वर्णनाचा कच्चा मसुदा, कॅप्शनची पहिली खेप, हे ते पटकन देतं. पण ते चुकतं तेव्हाही तितक्याच आत्मविश्वासाने बोलतं, आणि ज्याला चित्र दिसत नाही त्याला ती चूक पकडता येत नाही. डोळस माणसाने, विषय जाणणाऱ्याने ते वाचल्याशिवाय विद्यार्थ्यापर्यंत जाऊ देऊ नये.

'सोपं करत गेलो तर दर्जा घसरेल'

सुगम्य म्हणजे सोपं, हा गैरसमज आहे. समीकरण तेच राहतं, प्रश्न तोच राहतो, गुण देण्याची कसोटी तीच राहते. बदलते ती फक्त प्रश्नापर्यंत पोहोचायची वाट. परीक्षेतल्या, समजा हृदयाच्या, आकृतीचं वर्णन करताना उत्तर फुटू नये, याची काळजी जरूर घ्यावी लागते. 'बाण क्रमांक २ डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्याकडे दाखवतो' असं लिहायचं, कप्प्याचं नाव लिहायचं नाही. हे कौशल्य आहे आणि ते शिकता येतं.

'जुन्या हजारो फायलींचं काय?'

सगळ्या एकदम होणार नाहीत. ज्या फायलींशिवाय विद्यार्थ्याचं अडतं त्या आधी घ्या: प्रवेशअर्ज, वेळापत्रक, परीक्षेच्या सूचना, चालू सत्राच्या नोट्स. दहा वर्षांपूर्वीच्या समारंभाचं पत्रक मागितलं तेव्हा बघू. ज्या कोणी उघडतच नाही त्या काढून टाका. आजपासून बनणारी प्रत्येक नवी फाइल मात्र नीट बनू द्या, म्हणजे ढीग वाढायचा थांबतो. वर्डच्या 'रिव्ह्यू' विभागात सुगम्यता तपासायची सोय आहे. ती सगळं पकडत नाही. चित्राला वर्णन आहे की नाही एवढं तिला कळतं, ते वर्णन बरोबर आहे का हे कळत नाही.

ग्रंथालयाचा प्रश्न कॉपीराइटवर अडतो असं वाटतं. २०१३ च्या माराकेश कराराने त्यावर वाट काढली आहे. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाची सुगम्य प्रत बनवायला आणि ती सहभागी देशांमध्ये पाठवायला त्याने मोकळीक दिली. २०१६ पासून तो लागू आहे. नवं सॉफ्टवेअर किंवा ई-पुस्तकांचा संग्रह विकत घेताना विक्रेत्याला म्हणावं, माउस बाजूला ठेवून आणि स्क्रीन रीडर चालू करून आमच्यासमोर चालवून दाखवा. करारावर सही व्हायच्या आधी हे विचारलं तर कामं होतात, नंतर विचारलं तर फक्त पत्रव्यवहार होतो.

तपासणीसाठी जे रोज ही साधनं वापरतात त्यांनाच बोलवावं, आणि त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा. ते त्यांचं कौशल्य आहे. मी आता प्रत्येक विषयाच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहिते: यातली कुठलीही फाइल वाचता, ऐकता किंवा वापरता आली नाही तर मला कळवा, कारण सांगायची गरज नाही; दोन दिवसांत दुसरी प्रत देईन. पहिल्या सत्रात चार जणांनी कळवलं. त्यातल्या एकाच्याही अडचणीची मला तोवर कल्पना नव्हती.